खरकट्या पाण्याचा वळसा

बाबा, तो पाइप तुम्ही लादीखालून नेमका कुठून नेलात, एवढंच मला विचारायचं होतं. हरतालिकेच्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघरातल्या फोडलेल्या लादीशी उभी राहून मी मनातल्या मनात तुमच्यावर खेकसत होते. तुम्ही होतात तेव्हा असं खेकसायची माझी काय टाप होती! गेलेल्या माणसावर ओरडायला मात्र काही लागत नाही. ज्याने पाइप टाकला तो वर जाऊन बसला, आणि इथे खालच्या मजल्यावर एक म्हातारी उपाशीपोटी गणपतीवर छत्री धरून बसली होती. घरातली कुठलीच गोष्ट कुणाला सांगायची नाही ही तुमची जुनी खोड. इथून इथे गेलाय, एवढं सांगून ठेवलं असतंत तर तुमचं काय जाणार होतं?

आधी घर सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. खोली तीच, काळाचौकीची, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची. चाळ पाडून टॉवर होणार असं तुमच्या वेळी म्हणत होते, अजूनही म्हणतात. आईच्या शेवटच्या आजारपणात मी आणि तुमचे जावई इथे राहायला आलो ते इथलेच झालो. तुम्ही बांधलेला कडप्प्याचा ओटा आहे तसा आहे. गॅलरीच्या बाजूला सिंक, पार मागे मोरी, आणि सिंकचं पाणी लादीखालून मोरीपर्यंत. या दोहोंच्या मधे, भिंतीला टेकून, आईचा देव्हारा असायचा, अगदी जमिनीलगत, आणि त्याला खेटून तिचा पूजेचा पाट. आई गेल्यावर हलवायला गेलो तर तो वाळवीने पोखरलेला निघाला. मग देव समोरच्या भिंतीवर नव्या छोट्या देव्हाऱ्यात गेले आणि त्या जागी फ्रीज आला. प्लग तिथे होता, बाकी काही कारण नाही.

श्रावण संपत आला होता तेव्हा खालची काकी वर आली. आईची मैत्रीण, तुम्ही जिला 'रेडिओ' म्हणायचात ती. आता तिचा रेडिओ फार हळू वाजतो. दारातच उभी राहून म्हणाली, "बाय, वायच खाली येशीत काय?" मी गेले. तिच्या छताला चहा सांडल्यासारखा डाग पडला होता आणि डागाच्या पोटातून एक थेंब खाली यायचा, थांबायचा, मग दुसरा. थेंबाखाली तिने पातेलं ठेवलं होतं. ती जागा मला कुणी सांगायला नको होती. तिच्या सासूपासून त्या घरातला गणपती त्याच जागी बसतो. मखराला मागे जागा लागते म्हणून भिंतीपासून जरा पुढे, मुखासमोर दार. शाडूची मूर्ती, पाच दिवसांची. शाडूवर पाणी पडलं की काय होतं ते लालबागच्या पोरालाही ठाऊक असतं. आधी रंग ओघळतो, मग नाक-डोळे.

काकी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं; भांडणात मी कुणाला हार जात नाही, ते तुमच्याकडूनच आलंय. तिने फक्त सांगितलं की लेक म्हणतो, यंदा गणपती बदलापूरला माझ्याकडे आणू. लेकाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आणि म्हातारी आई पडक्या चाळीत एकटी राहते याचा त्याला घोर आहे. पण काकी पातेल्याकडे बघत म्हणाली, "एकदा गेलो गणपती काय, तो परत येवचो नाय. आणि तो गेलो की मगे माका तरी हंय कोण ठेवतलो?" गणपतीच्या मागोमाग तिचं बोचकंही बांधलं जाणार हे तिला कळत होतं आणि मलाही. आई गेल्यापासून माझ्या हाकेला ओ देणारं या चाळीत दुसरं कुणी उरलेलं नाही, बाबा. मला ती जायला नको होती. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

तर पाणी थांबवायचं होतं, चतुर्थीच्या आत. पहिल्यांदा सगळ्यांनी पावसावर ढकललं. गच्चीवर ताडपत्री टाकून झाली. मग ऊन पडलं, पण थेंब काही थांबेना. मग मी सिंक वापरायचं बंद केलं, भांडी गॅलरीतल्या सार्वजनिक नळावर नेऊन घासायला लागले, पोरीबाळी हसल्या तर हसू दे म्हटलं. तरी थेंब येतच होता. तुमच्या जावयांना हायसं वाटलं. "म्हणजे आपलं नाहीच," म्हणाले. "सोसायटीने बघावं." स्वभावाने गरीब माणूस, पण भानगड अंगाशी आली की ते लगेच सोसायटीकडे बोट दाखवतात. मलाही त्यांचं खरं मानायचं होतं. पण रात्री पडल्या पडल्या तो थेंब मला आमच्याच घरातून जाताना ऐकू यायचा. ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी यायचा.

शेवटी तुमची निळी नखं आठवली. गिरणीत तुम्ही रंगखात्यात होतात. घरी येऊन कितीही साबण लावलात तरी नखांच्या कडा निळ्या राहायच्या, आणि त्याच हाताने तुम्ही भाकरी मोडायचात. एकदा सार्वजनिक मोरीचं पाणी कुठून झिरपतं यावरून मजल्यावर महिनाभर जुंपली होती, तेव्हा तुम्ही गिरणीतला रंग आणून पाण्यात ओतलात आणि सगळ्यांना गप बसून बघत राहायला सांगितलंत. रंग निघाला काकीच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या परकरावर. काय बोलली होती ती तुम्हाला! आणि तुम्ही, जे घरात कधी हसायचा नाहीत, ते गॅलरीच्या कठड्याला धरून हसत होतात. मी वाण्याकडून कपड्यांची नीळ आणली, सगळी पुडी सिंकमध्ये रिकामी केली आणि वरून बादल्याच्या बादल्या पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी काकी वर आली ती हातात झाकण ठेवलेली वाटी घेऊन. शेजारी खीर द्यायला यावी तशी. तिने झाकण काढलं. आत फिकट निळं पाणी होतं. "बापाशीचीच चेडू तू," एवढंच म्हणाली आणि वाटी ओट्यावर ठेवून गेली. ती गेल्यावर मी तुमच्या जावयांशी भांडले, कारण समोर तेच होते.

मग प्लंबर. परळचा, आमच्या चाळीत येऊन-जाऊन असलेला, बोलायला बिनधास्त आणि हाताला बरा. त्याने लादीवर कान लावला, हातोडीच्या दांड्याने टकटक केलं आणि बसल्या जागी निदान सांगितलं. "मॅडम, खाली लई पाणी साचलंय. तुम्ही सिंक बंद करा नायतर चालू ठेवा, हा लादीखालचा कोबा अजून हप्ताभर गळणार. फोडून पाणी काढायलाच लागेल." कुठे फोडणार, विचारलं तर म्हणाला, "लाइन तर सरळच असणार ना, भिंतीच्या कडेनं. फ्रीज सरकवा." जावयांनी मशीन लावून गळती शोधणाऱ्यांना फोन करून पाहिले, सगळ्यांचं एकच उत्तर, गणपती झाल्यावर. कोकणात जाणारे गेले होते, उरलेले मंडपात. हा मिळाला तोच मोठा.

हरतालिकेच्या सकाळी त्याने फ्रीजच्या जागची लादी फोडली. लादीखाली कोबा निघाला, कोब्याखाली आणखी कोबा, खडखडीत कोरडा. पाइप नाही. ओल नाही. तो आणखी एक घाव घालतो न घालतो तोच खालून काकीची किंकाळी आली. मी जिना उतरून गेले तेव्हा तिच्या कागदी मखरावर प्लास्टरचा हाताएवढा पोपडा पडला होता आणि एक खांब मोडला होता. गणपती अजून यायचा होता म्हणून निभावलं. छताला आता डागाभोवती भेगही दिसत होती. प्लंबर माझ्या मागोमाग आला, वर बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, हे छप्पर जास्त घाव खाणार नाय. सिंकपासून उकरत उकरत जायचं तर सगळं खाली येईल. एक जागा सांगा, एकच, तिथं मी आरामात काढतो. पण जागा पक्की पायजे." जागा पक्की सांगणारा माणूस कुठे होता ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि त्याच गोंधळात काकीचा लेक दारात उभा. हातात पाटावर मूर्ती, मुखावर रुमाल. त्याने छताकडे पाहिलं, मोडक्या मखराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही, पण चेहरा पांढरा पडला होता. "आई, टॅक्सी खाली थांबवून ठेवलीय. चल, असंच जाऊ. अजून उंबरठा ओलांडलेला नाही." काकी आत गेली, तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आली. काका गेले तरी हरतालिकेचा उपास तिने सोडलेला नाही, त्या दिवशी ती पाण्याचा थेंबही घेत नाही, आणि तिच्या मागे पातेल्यात थेंब पडतच होता. तिने मूर्तीवरून आणि लेकावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, लेकाच्या डोळ्यांना पाणी लावलं. "दारात इलेल्या गणपतीक कोण माघारी धाडता?" म्हणाली. झालं. गणपती घरात आला. लेकाने मूर्ती जागेवर ठेवली, कारण दुसरी जागा त्या घरात नव्हतीच. उरलेल्या अर्ध्या खोलीत पलंग, कपाट आणि छताच्या पोपड्यांचा कचरा. काकीने खुंटीवरची काळी छत्री काढली, उघडली आणि चौरंगाशेजारी स्टुलावर बसून गणपतीवर धरली. थेंब छत्रीवर टप्प करून पडायला लागला.

लेक मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "ताई, उद्या सकाळी पूजा झाली की मूर्ती हलवता येणार नाही, हे तुला मी सांगायला नको. तोपर्यंत पाणी बंद झालं तर ठीक. पण वरून आणखी एक पोपडा पडला ना, तर मी बाप्पाला उचलून घेऊन जाणार. मग आई काय पण बोलू दे." मी हो म्हणाले. त्याच्या जागी मीही हेच बोलले असते, कदाचित याहून वाईट.

वर आले तर जावई म्हणाले, "आता नको काही. पाच दिवस छत्री धरू आळीपाळीने. विसर्जन झालं की बघू." मी म्हटलं, ऐंशीच्या घरातल्या बाईला पाच दिवस छत्री धरायला लावायची? तर म्हणाले, "मग तूच सांग कुठे फोडायचं." आणि इथेच मी तुमच्यावर खेकसले, बाबा. पत्राच्या सुरुवातीला सांगितलं ते हेच. प्लंबर गॅलरीत बिडी ओढत होता, जावई फ्रीजला टेकून उभे होते, आणि मी त्या कोरड्या खड्ड्याकडे बघत होते. पाइप सरळ असता तर इथे असायला हवा होता. नाही. म्हणजे तुम्ही तो सरळ नेलाच नव्हता. शहाणा माणूस दोन टोकांमधे पाइप सरळ नेतो. तुम्ही का नाही नेला?

आणि मग तो प्रश्न मी आधी एकदा विचारलाय हे आठवलं. याच घरात, तुम्हालाच.

मी खाटेवर बसले आहे, मांडीवर भूमितीचं पुस्तक. आई माहेरी गेली आहे, देवगडला, आजी आजारी आहे म्हणून. उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून आई वर्षभर ओट्यासाठी कुरकुरत होती आणि वर्षभर तुम्ही वस्सकन तिच्या अंगावर जात होतात. आता ती नाही तर तुम्ही सुट्टी काढून ओटा बांधताय. सगळ्या घरात सिमेंटचा वास आहे. तुम्ही उघडे, खांद्यावर टॉवेल, सांधे गळू नयेत म्हणून पाइपच्या आट्यांना सफेदा लावून त्यावर ताग गुंडाळताय. तुमच्या तोंडून शब्द नाही. तुम्ही गप्प असलात की घर आणखीच घाबरून असतं; मी पानसुद्धा हळू उलटते. पण पुस्तकातलं ताजं ताजं कळलेलं पोटात राहत नाही आणि मी बोलून जाते, "बाबा, सरळ नेला तर एवढे बेंड लागणार नाहीत." तुमचा हात थांबतो. तुम्ही माझ्याकडे असं बघता की मला वाटतं आता पुस्तक फेकून देणार. "तुला कुणी विचारलं? पुस्तकात बघ." मी पुस्तकात बघते. अक्षरं काही दिसत नाहीत.

इतकी वर्षं मला ते एवढंच आठवत होतं. तुमचं बोलणं, आणि माझे भरलेले डोळे. पुढचं आठवायची कधी गरज पडली नव्हती. पण फोडलेल्या लादीशी उभी राहिले आणि पुढचंही आलं. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, पाना आवळता आवळता तुम्ही म्हणालात, "इथे तुझी आई बसते." मग आणखी थोडं आवळून, "तिच्या अंगाखालून खरकटं पाणी न्यायचं?" आणि शेवटी, पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात, "आणि तिला हे सांगत बसू नकोस. डोक्यावर मिऱ्या वाटील."

देव नाही म्हणालात, बाबा. तुम्ही देवाला मानत नव्हतात. आई पूजेला बसली की मुद्दाम मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचात, आणि ती घंटा आणखी जोरात वाजवायची. मी तुम्हा दोघांना एकमेकांशी चार शब्द धड बोलताना ऐकलेलं नाही. भीती वाटायची मला या घरात संध्याकाळी, तुमच्या चपला वाजल्या की. आणि ती नसताना तुम्ही लादी उकरून तिच्या बसायच्या जागेला वळसा घालून पाइप नेत होतात. ती परत आली तेव्हा तुम्ही म्हणालात, लादी ओली आहे, पाय देऊ नकोस. तिने ओटा बघितला, सिंक बघितलं आणि म्हणाली, सिंक उजवीकडे हवं होतं. त्यावरून दोन दिवस अबोला. तिला कधीच कळलं नाही. मला रडू आलं तिथेच, प्लंबरसमोर. जावयांना वाटलं मी खालच्या काळजीने रडतेय.

मी त्यांना म्हटलं, फ्रीज अजून सरकवा, पार दारापर्यंत. मग देव्हारा जिथे असायचा तिथून अंदाज घेत मी जमिनीवर मांडी घालून बसले, भिंतीकडे तोंड करून, आई बसायची तशी. ती जाडजूड होती आणि पाटावर बसायची, म्हणून थोडी मागे सरकले. साडीला सगळा चुना लागला. जावई म्हणाले, "अगं, काय करतेस?" मी उजवा हात पाठीमागे नेला आणि लादीवर टेकवला. प्लंबरला म्हटलं, "इथे. माझ्या पाठीमागे. घाव घालायचा नाही, कडेने उचकटायची." त्याने विचारलं, "मॅडम, पक्कं?" पक्कं कसलं! खोलीभर लाद्या होत्या आणि माझ्याकडे एक जुनी आठवण होती. चुकले असते तर खाली गणपतीवर प्लास्टर पडलं असतं आणि संध्याकाळपर्यंत काकी बदलापूरला. मी पक्कं म्हणाले. तुमच्याच आवाजात म्हणाले असणार, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही.

त्याने छिन्नीला फडकं गुंडाळलं आणि लादीच्या फटीतलं सिमेंट खरवडून काढायला घेतलं, दात कोरल्यासारखं. मी जावयांना खाली पाठवलं. ते खालून ओरडून सांगणार होते. खरवडणं थांबलं की मी श्वास रोखायचे आणि खालून आवाज यायचा, "काही नाही, चालू दे!" मधेच एकदा आवाज आलाच नाही. मी जिन्याकडे धावणार तेवढ्यात काकीचा बारीक आवाज, "माती इली वायच, पण छत्रयेवर. तू कर गो!" प्लंबरने घाम पुसला. मग लादीची एक कड हलली. त्याने पहार घातली, दाब दिला, आणि लादी ओलसर आवाज करून वर आली.

खाली पाणी होतं. तळं साचावं तसं, आणि निळं. मी टाकलेली नीळ, कोब्यात मुरून गडद झालेली. त्या पाण्याच्या मधोमध तुमचा बेंड, गंजून लाल झालेला, आणि सांध्यातून बाहेर आलेले तागाचे धागे. हात घातला तर माझी नखं निळी झाली. प्लंबर म्हणाला, "आयला, हे कुणी काम केलंय? सरळ सोडून बाहेर कशाला घेतलंय?" मी त्याला सांगितलं नाही. मगाने पाणी उपसलं, मग जुन्या साड्यांनी टिपलं, साड्या पिळून पुन्हा टिपलं. तुमच्यावरचा राग मात्र तसाच होता, तो का सांगते. भिंतीच्या कडेने नेला असतात तर पाणी भिंतीवरून ओघळून गेलं असतं. आईला चुकवून तुम्ही ते खरकटं पाणी बरोबर काकीच्या गणपतीच्या डोक्यावर नेऊन ठेवलंत. खाली कुणी बसतं, एवढा विचार केला नाहीत. तुम्हाला त्या दिवशी एकच जागा दिसत होती.

अंधार पडायच्या सुमाराला थेंब मंदावला. काकीने तरी छत्री मिटली नाही. लेकाने तिच्या हातातून घेतली तेव्हा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर छत्री पुन्हा खुंटीला होती, मोडका खांब सुतळीने बांधून त्यावर झेंडूची माळ सोडली होती, आणि छताचा डाग कडेने सुकायला लागला होता. भटजी आले होते. लेक सोवळं नेसून बसला होता आणि त्याची नजर अधूनमधून वर जात होती. माझीही. आरती संपेपर्यंत मी देवापेक्षा छताकडेच जास्त बघितलं. एकही थेंब पडला नाही. काकीने माझ्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाली, "बापाशीक तुझ्या मी लय शिव्या दिलंय काल. एक मोदक त्येच्या नावान खा." लेक जाताना म्हणाला, पुढल्या वर्षी काय ते पुढल्या वर्षी बघू. काकीच्या दृष्टीने तेवढं पुष्कळ होतं.

विसर्जनानंतर प्लंबर नवा प्लास्टिकचा पाइप घेऊन आला. त्याने खुणा मारल्या त्या सिंकपासून मोरीपर्यंत सरळ, फ्रीजच्या जागेखालून. "आता तिथं काय नाय ना मॅडम. सरळ टाकतो, बेंडची कटकटच नको." त्याचं बरोबर होतं. माझ्या भूमितीच्या पुस्तकाचंही बरोबर होतं. मी म्हटलं, नाही, वळसाच घ्यायचा, आणि आधीपेक्षा मोठा, खालच्या काकीचा चौरंगही सुटेल असा. त्याने कपाळाला हात लावला. "पण का? तिथं तर फ्रीज आहे." मी म्हटलं, "इथे आमची आई बसते." तो फ्रीजकडे बघत राहिला, मग जास्तीचे बेंड आणायला गेला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि तुम्ही असतात तरी तुमच्या हातात दिलं नसतं. काय थेरं लावलीस, म्हणाला असतात. संध्याकाळी तुमच्या जावयांनी विचारलं, एवढा वळसा कशाला? मी सांगितलं, सरळ नेला असता तर उतार मिळत नव्हता. त्यांना पटलं. त्यांना ते मी सांगत बसले नाही.